जुनी गाडी घेताय? आधी फास्टॅग बघा
राष्ट्रीय महामार्गांवर 16 फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा आहे. टॅग नसेल किंवा बंद पडलेला असेल, तर जादा टोल बसतो. 15 नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट. टॅग बँकेकडून मिळतो. आरसी, ओळखपत्र आणि मोबाईल नंबर लागतो, बाकी फार काही नाही.

खरा घोळ होतो सेकंडहॅण्ड गाडीत. काचेवर टॅग दिसला की आपण खूश! पण तो जुन्या मालकाच्या नावावर असतो. पैसे त्याच्या खात्यातून जातात आणि एक दिवस त्याने टॅग बंद केला की आपण नाक्यावर अडकतो. मागे हॉर्न, गाडीत लहान मुलं. एका गाडीला एकच टॅग चालतो, म्हणून सौदा ठरतानाच विकणाऱ्याला त्याच्या बँकेत टॅग बंद करायला सांगा. आरसी आपल्या नावावर झाली की नवा घ्या. आपण गाडी विकताना हेच उलट लक्षात ठेवायचं, नाहीतर दुसऱ्याचा टोल आपल्या खिशातून.

खासगी कारसाठी 15 ऑगस्ट 2025 ला 3000 रुपयांचा वार्षिक पास सुरू झाला: एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर मात्र तो चालत नाही, तिथे टॅगमधले पैसे कापले जातात. राष्ट्रीय महामार्गावर टोल चुकीचा कापला गेला तर 1033 वर तक्रार करा.