चालतंय का, बाई?

शाळेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली, पण ‘बाई’ ही हाक काही सुटली नाही. हिंगोलीत आमच्या ओळखीची कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी. फादर लांबून येतात, तेही महिन्यातल्या एखाद्या रविवारी. मधल्या दिवसांत कुणाला काही अडलं की फोन माझ्याकडे येतो, कारण मुलांना प्रार्थना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. प्रश्न कुठलाही असो, त्याचं शेपूट ठरलेलं: ‘चालतंय का, बाई?’ राखेच्या बुधवारी अंडं चालतंय का? (चालतं; वर्ज्य आहे ते मांस.) लग्नाआधी हळद चालतीय का? मिस्सेला जायला गाडीच मिळाली नाही, तर पाप लागतंय का? (नाही. फादरच नसतील तर घरी बसून वचन वाचावं, प्रार्थना करावी.) ही उत्तरं मी एका वहीत उतरवून ठेवते. वही भरत आली तेव्हा लक्षात आलं, की नियमांच्या निमित्तानं मी आमच्या घराचाच इतिहास लिहिते आहे.

परवा सातवीतल्या एका मुलानं विचारलं, “येशूनं भाकर मोडली ना? मग फादर ती पांढरी चकती का देतात?” चूक त्याची नाही. मराठी बायबलात ‘भाकर’ असाच शब्द आहे, आणि आमच्याकडच्या पोराला भाकर म्हटलं की ज्वारीचीच दिसणार, शेजारी ठेचाही दिसणार. मी त्याला सांगितलं, की ख्रिस्तप्रसादाला गव्हाचंच पीठ लागतं, तेही दुसरं काही न मिसळलेलं आणि न आंबवलेलं. रोमनं २०१७ साली पुन्हा बजावलं, की ज्यात ग्लुटेन मुळीच नाही, ती भाकर मिस्सेला चालत नाही. आता ज्वारीत ग्लुटेन नसतंच. म्हणून तर पीठ उकळत्या पाण्यात मळावं लागतं आणि भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. मराठवाड्याचं रोजचं अन्न वेदीवर जाऊ शकत नाही, हे ऐकून पोरगं हिरमुसलं. मला आजी आठवली. तिला याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. घरात गहू निघायचा तो सणालाच, त्यामुळे ती चकतीही तिला सणाचीच वाटायची.

आजी वैजापूरकडची. तिकडे घोगरगावच्या आसपास फादर जाकियर आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव हिंडून मिशन उभं केलं. हे सगळे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी. आजच्या फ्रान्समधल्या अ‍ॅनेसीहून त्यांची पहिली तुकडी १८४५ साली भारतात आली होती. आजीच्या वस्तीवर फादर घोड्यावरून यायचे, वर्षातून दोनदा, आणि कधी पोहोचतील याचा भरवसा नसायचा. त्या काळचा नियम असा, की ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून तोंडात काही जाता कामा नये. पाणीसुद्धा नाही. चैत्रातली रात्र, पत्र्याचं घर. झोपेत कुणाचा हात चुकून तांब्याकडे जाऊ नये म्हणून आजीचे सासरे जेवणं उरकली की रांजणावर फडकं टाकून सुतळीनं घट्ट बांधायचे. सकाळी चूळ भरतानाही भीती, घोटभर गिळलं तर? फादर यायचे कधी दहाला, कधी सूर्य डोक्यावर आल्यावर. ओठ सुकलेली माणसं जमिनीवर बसून लॅटिन मिस्सा ऐकायची. त्यातलं अक्षर कुणाला कळत नव्हतं, पण उत्तरं सगळ्यांना पाठ होती.

पाण्यानं उपवास मोडत नाही, असं पोप बाराव्या पायसनं जाहीर केलं १९५३ साली. १९५७ मध्ये मध्यरात्रीची अट जाऊन अन्नासाठी तीन तास उरले. १९६४ च्या नोव्हेंबरात सहाव्या पॉलनं त्याचा एक तास केला. आज लोकांना वाटतं, तासाचा नियम प्रेषितांच्या काळापासूनचा आहे. तो माझ्याहूनही लहान आहे. आजीच्या वस्तीवर मात्र रांजणाची सुतळी त्यानंतरही बरीच वर्षं सुटली नाही. रोमची सवलत येते तारखेनिशी. वस्तीवर ती कुणीतरी येऊन सांगावी लागते, आणि सांगितल्यावर पटावीही लागते.

वडील एसटीत कंडक्टर. त्यांची बदली झाली तसे आम्ही हिंगोलीला आलो. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती, वेगळा जिल्हा झाला १९९९ साली. औरंगाबाद धर्मप्रांतही पुढं १९७७ मधला. आम्ही आलो त्याच सुमारास मिस्सा मराठीत झाली. चारशे वर्षांपूर्वी फादर स्टीफन्सनं गोव्यात मराठीतून ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलंही गेलं. मिस्सेला मात्र लॅटिन सोडायला दुसरी व्हॅटिकन परिषद यावी लागली. मग २५ एप्रिल १९६९ रोजी रोमनं भारतातल्या उपासनेसाठी बारा मुद्द्यांना मान्यता दिली. बंगळुरूहून फादर अमलोरपवदास यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. चपला बाहेर काढा, जमिनीवर मांडी घाला, हात जोडून नमस्कार करा, मेणबत्तीच्या जागी समई चालेल, अंगावर शाल चालेल, आरती चालेल. शहरातल्या चर्चमध्ये यावरून बरीच वादावादी झाली. पूर्वीही झालीच होती: मदुराईत फादर दे नोबिलीनं जानवं-गंध चालवून घेतलं, त्याला १६२३ मध्ये पोपनं होकार दिला, आणि १७४४ मध्ये दुसऱ्या पोपनं अशा रिवाजांवर कडक बंधनं पक्की केली. आमच्या वस्तीला यातलं बहुतेक सगळं आधीच लागू होतं. बाक नव्हतेच, मग मांडी घालण्याची परवानगी कुणाला हवी होती?

अडलं ते एकाच ठिकाणी. सुट्टीत आम्ही आजीच्या गावी होतो. मिस्सेत पहिल्यांदाच आरती झाली आणि ताट फिरत फिरत तिच्यापुढं आलं. आजीनं हात पदरातून बाहेर काढलेच नाहीत. वडिलांनी ज्योतीवर हात फिरवून तोंडावरून उतरवले. ती समोर बघत बसली. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, तेव्हा म्हणाली, “देवळातली आरती आम्हाला वाटेवरूनच दिसायची. तेव्हा कुणी ताट पुढं धरलं नाही. आता चर्चमध्ये ती कशाला?”

वडिलांची ड्यूटी औंढ्याच्या गाडीवर असायची. नरसी नामदेवचे प्रवासीही रोजचे. नामदेवांना मागं जाऊन कीर्तन करायला सांगितलं आणि औंढ्यातलं नागनाथाचं देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा त्यांना फार आवडायची. आजीची समजूत घालायला त्यांनी तीच सांगितली. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं. “देऊळ फिरलं खरं,” ती म्हणाली, “पण आम्ही बाहेरच होतो की.” वडिलांकडे याला उत्तर नव्हतं. बारा मुद्द्यांतही नाही. ‘भारतीय रीत’ असं लिहिणाऱ्यांना कुठल्या भारतीयाची रीत, हा प्रश्न आजीसारख्यांनी विचारला नसता तर सुचला असता का, कोण जाणे. भजन आणि ढोलकी तिनं लगेच आपली मानली. ती दोन्ही वस्तीवरचीच होती.

वहीतला शेवटचा प्रश्न गेल्या महिन्यातला. एका घरचा मुलगा पुण्यात वारला, तिथंच दहन झालं. त्याची आई विचारत होती, “राख कयाधूत सोडली तर चालतंय का, बाई?” दहनाला १९६३ पासून मनाई नाही. पण २०१६ च्या आदेशानुसार राख नदीत सोडायची नाही, वाटायची नाही, घरातही ठेवायची नाही. पवित्र जागी ठेवायची. एवढं सांगितलं आणि गप्प बसले, कारण नियम सांगणं सोपं होतं, त्या आईला कलशासाठी जागा सांगणं सोपं नव्हतं. शेवटी माहेरच्या दफनभूमीत पुरायचं ठरलं. ती कलश मांडीवर घेऊन एसटीनं गेली.

या रविवारी फादर येणार आहेत. मिस्सा अकराला, म्हणजे दहापर्यंत खाल्लं तरी चालतं. पाणी तर केव्हाही चालतं; हे मीच कितीतरी जणांना फोनवर सांगितलं आहे. तरी शनिवारी रात्री जेवणं उरकली, की मी माठावर झाकण ठेवते ते मिस्सा होईपर्यंत काढत नाही.