सुधारित देशी कोंबडीपालन

सुधारित देशी कोंबडीपालन : देशी रंगरूप राखून, निवड व संकर यांद्वारे अंडी आणि मांस या दोन्हींसाठी अधिक उत्पादक केलेल्या कोंबड्या परसात मोकळ्या पाळण्याची पद्धती. अल्पभूधारक कुटुंबांत हे काम बहुधा स्त्रियांकडे असते.

वाण : हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचे वनराज व ग्रामप्रिया, बंगळूरचा गिरिराज आणि इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेचा, असील रक्ताचा कारी निर्भीक हे प्रमुख वाण होत. झाबुआचा कडकनाथ हा संकर नसून मूळचा देशी वाण आहे. त्याच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

खुडूकपणा व उत्पादन : गावठी कोंबडी वर्षाला साधारण 50–60 अंडी देते, वनराज परसात 100–110, तर ग्रामप्रिया 160–180. ही वाढ केवळ चांगल्या खाण्याने झालेली नाही. गावठी कोंबडी 12–15 अंडी घातली की खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवू लागते. 21 दिवस उबवण आणि पुढे पिले सांभाळण्याचे आठवडे ती अंडी देत नाही. निवडीने हा गुण जवळजवळ घालवल्यामुळे तो काळ अंड्यांच्या हिशेबात जमा झाला. मात्र त्याच निवडीने कोंबडीची पुनरुत्पत्ती घराबाहेर गेली. गावठी कोंबडीखाली अंडी ठेवून पिले काढता येतात, हा आक्षेप खरा आहे. परंतु वनराजसारखे वाण वेगवेगळ्या वंशरेषांच्या संकरातून आलेले असल्याने पुढच्या पिढीत उत्पादन घटते आणि पक्षी एकसारखे राहत नाहीत. म्हणून या पद्धतीचे यश वाणाइतकेच जवळच्या उबवणी केंद्रावर आणि सुमारे सहा आठवडे ऊब देऊन पिले वाढवणाऱ्या संगोपन केंद्रावर अवलंबून असते. पिले वाटून थांबणारी योजना एका पिढीपुरतीच टिकते.

सुधारित कोंबडा गावात आला की देशी वंश बुडतो, असा दुसरा आक्षेप आहे. तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण घार-मुंगसाला चुकवणारी चपळाई आणि खुडूकपणा हे गुण देशी वंशातच टिकून आहेत. जड अंगाचा पक्षी त्यात कमी पडतो. त्यावर उपाय सुधारणा नाकारणे हा नसून देशी कळप वेगळे राखणे हा आहे. उद्याचे संकरही त्यांतूनच घडवावे लागतील.

रोग : रानीखेत किंवा मानमोडी हा सर्वांत घातक. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस देतात. लस उपलब्ध असूनही परसातील पक्षी वंचित राहतात, याचे कारण बहुधा अज्ञान मानले जाते. ते अपुरे आहे. कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि विरघळवलेली लस तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीला ती एकटीने परवडत नाही. गावाने एकाच दिवशी मिळून लसीकरण केले तरच हा खर्च आवाक्यात येतो.

खाद्य : किडे, सांडलेले धान्य, खरकटे, अंड्यावरील पक्ष्यांना शिंपल्यांचा चुरा. परसातले खाद्य मर्यादित असल्याने कळप साधारण 10–20 पक्ष्यांचा ठेवतात.

विक्री : गावात व आठवडी बाजारात.