गाडी कुठपर्यंत आली? मालवाहतुकीच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/ सोलापूर–धुळे महामार्गावर, जालना जिल्ह्यात वडीगोद्री हे गाव आहे. जालन्याकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. या फाट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मालमोटारीविषयी दूर कुठेतरी एक प्रश्न विचारला जात असतो : गाडी कुठपर्यंत आली? हा प्रश्न किमान दोन हजार वर्षे जुना आहे.

२/ पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचपासून पैठण २० दिवसांवर आणि तेथून तगर, म्हणजे आजचे तेर, सुमारे १० दिवसांवर असल्याची नोंद आहे. माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. गाडी निघाली की व्यापाऱ्याच्या हाती दिवस मोजणे एवढेच उरे.

३/ पुढे बंजाऱ्यांचे तांडे आले. पाणी, चारा, घाट, नदीचा उतार हे सारे नायकाला ठाऊक असे. १८०३ साली याच जिल्ह्यातील असईला लढलेल्या वेलस्लीच्या फौजेचा धान्यपुरवठाही बंजाऱ्यांच्या बैलांवर विसंबून होता. तेव्हा वाटेचे ज्ञान मालासोबतच चालत असे.

४/ ट्रकच्या काळात मालक कचेरीत राहिला आणि वाटेचे ज्ञान चालकाकडे गेले. ढाब्याजवळच्या एसटीडी बूथवरून फोन येईल तेव्हाच खबर मिळे. गाडी खोळंबली किंवा रिकामी परतली, तरी कर्जाचा हप्ता चुकत नसे.

५/ अमेरिकेत १९८८ साली क्वालकॉमच्या ‘ऑम्निट्रॅक्स’ने ट्रक आणि कचेरी उपग्रहाद्वारे जोडली. पुढे जीपीएस आले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र आपले स्थान काढते आणि मोबाइल जाळ्यातून कचेरीला कळवते. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संदेशातील हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली, तेव्हा ही माहिती रस्त्यावर वापरण्याइतकी अचूक झाली.

६/ व्यवसायाचा लाभ येथेच आहे. जालन्याच्या सळया कधी उतरतील हे कळले, तर परतीचे भाडे आधीच ठरवता येते. वाकडी वाट, उभ्या गाडीत जळणारे डिझेल लक्षात येते. पेरणी उलटल्यावर पोहोचलेले बियाणे तर त्या हंगामापुरते वायाच.

७/ २०१८ पासून ई-वे बिल आले. आधी १०० आणि २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. अंतर पुन्हा दिवसांत मोजले जाऊ लागले. फरक इतकाच, की आता उशिराला दंड आहे.

८/ मुक्काम कुठे करायचा हे तांड्याचा नायक ठरवी. आज वडीगोद्रीला थांबलेली गाडी पडद्यावर दिसते. चालक झोपेसाठी थांबला की टायर फुटला, हे तो ठिपका सांगत नाही. ते विचारण्यासाठी आजही चालकालाच फोन करावा लागतो.