दोन शेपट्यांचा मासा : व्यंग, सौंदर्य आणि जबाबदारी

१/ पनवेलमधील शोभिवंत माशांच्या दुकानात फुगीर अंगाचा, दोन शेपट्यांचा गोल्डफिश हौसेने विकत घेतला जातो. कण्याला बाक आलेला गप्पी मात्र कोणालाच नको असतो. शरीररचनेच्या दृष्टीने दोन्ही व्यंगेच आहेत. मग एका व्यंगाला मोल कसे आले? उत्तर चीनच्या इतिहासात आहे. #थ्रेड

२/ गोल्डफिशचा पूर्वज हा करड्या-हिरवट रंगाचा, सडपातळ, गोड्या पाण्यातील मासा. त्यात क्वचित तांबूस-सोनेरी पिल्ले निपजत. निसर्गात असा उठून दिसणारा मासा शत्रूच्या तोंडी लवकर पडतो. चीनमध्ये मात्र तो तळ्यांत जपला गेला. सुंग सम्राट काओत्सुंग (राज्यकाळ ११२७–११६२) याने हांगचौच्या राजवाड्यात असे मासे पाळले होते.

३/ साधारण त्याच काळात आपल्याकडे कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य दरबारात राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील ‘मत्स्यविनोद’ प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची कला वर्णिली आहे. मासा हा येथेही राजविनोदाचा विषय होता. त्याचे रूप पालटण्याचा खटाटोप मात्र त्यात नाही.

४/ तो खटाटोप मिंग काळात (१३६८–१६४४) फळाला आला. मासे तळ्यांतून घरातील मातीच्या व चिनी मातीच्या कुंड्यांत आले. कुंडीत शत्रू नाही, प्रवाह नाही, अन्नासाठी स्पर्धा नाही. त्यामुळे बाहेर जगू न शकणारी विकृत पिल्ले तेथे तगली आणि पाळणाऱ्यांनी तीच निवडून त्यांची वीण वाढवली. १५९६ मध्ये चांग छिएन्-ते याने अशा माशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

५/ कुंडीतील मासा वरून पाहिला जातो. दुभंगलेली शेपटी वरून फुलासारखी उमललेली दिसते. पाहणाऱ्याच्या नजरेने माशाचे शरीर घडवले ते असे. पुढे बाहेर आलेल्या डोळ्यांचे, डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या असलेले आणि पाठीवरचा पर नसलेले प्रकारही निपजले.

६/ २०१४ मध्ये तैवानमधील संशोधकांनी या दुहेरी शेपटीचे मूळ ‘कॉर्डिन’ या जनुकातील एका बदलात असल्याचे दाखवले. म्हणजे ज्याला ‘जात’ म्हणून किंमत आली, ते शतकानुशतके जपलेले जनुकीय व्यंग आहे.

७/ या सौंदर्याचे ओझे मासा वाहतो. आखूड, गोल शरीरात आतडी व वाताशय (तोल राखणारी हवेची पिशवी) दाटीने बसतात. त्यामुळे तो कधी उलटा तरंगतो, तर कधी तळाशी पडून राहतो. फुगीर डोळ्यांच्या माशाला अन्न नीट दिसत नाही आणि चपळ सोबती त्याचा घास पळवतात.

८/ म्हणून कुंडीने जे दिले, तेच आजच्या काचपेटीनेही द्यावे : मंद प्रवाह, कमी खोली व अधिक लांबी, टोकदार दगडांचा अभाव, सारख्याच गतीचे सोबती आणि भिजवलेले, बुडणारे खाद्य. काचेचा लहान गोल बाउल मात्र टाळावा. पनवेलच्या नळाचे पाणी थेट ओतू नये. त्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे.

९/ बाक आलेल्या कण्यामागे जन्मजात दोष, जीवनसत्त्व ‘क’ची कमतरता, इजा किंवा माशांचा क्षयरोग असू शकतो. जन्मतःच वाकडा असलेला मासा खात-पोहत असेल, तर सुखाने जगू शकतो. बाक नव्याने आला असेल, तर मासा वेगळा ठेवावा. क्षयाचे हे जंतू जखमेतून माणसालाही बाधतात. म्हणून हातमोजे घालावेत.

१०/ नकोसा झालेला मासा वडाळे तलावात सोडणे ही दया नव्हे. अपंग मासा तेथे तगत नाही आणि तगलेला परका मासा स्थानिक जलजीवनाला उपद्रव देतो.

११/ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याच्यावर त्याच्या क्षेमाची जबाबदारी हा कायदा टाकतो. मासाही त्यात आला. गोल्डफिशच्या बाबतीत तर हे ऋण अधिक जुने आहे : त्याचे व्यंग माणसानेच निवडले, तेव्हा त्याची शुश्रूषाही माणसाकडेच येते.