खाऱ्या माशाची हुरहूर: लिस्बनहून परतल्यावर

आजचा एपिसोड नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. इतिहास आहेच, पण सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो.

मागच्या महिन्यात मी दोन आठवडे पोर्तुगालला जाऊन आलो. परत येऊन वीस दिवस झाले, तरी माझं पोट अजून तिकडेच आहे. सकाळी अकरा वाजता ऑफिसच्या मशीनमधला चहा हातात घेतला की लिस्बनच्या काउंटरवर उभ्या उभ्या प्यायलेली 'बिका' आठवते. बिका म्हणजे छोट्याशा कपातली कडक काळी कॉफी. सोबत 'पश्तेल द नाता', म्हणजे पापुद्र्यांच्या वाटीत भरलेलं, वरून डाग पडेपर्यंत भाजलेलं अंड्याचं कस्टर्ड. वर दालचिनी भुरभुरायची. आणि रात्री जेवायला 'बकल्याव', खारवून वाळवलेला कॉड मासा.

शेवटी एका रविवारी मी ठरवलं की आपणच करायचं. कॉड कुठे मिळणार? म्हणून खारा बांगडा आणला, तासभर पाण्यात ठेवला, कांदा, बटाट्याच्या बारीक तळलेल्या काड्या आणि अंडं घालून परतला. पहिला घास तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मीठ! नुसतं मीठ! आई दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, "अरे, खारं एवढ्यात उतरतं होय? रात्रभर भिजव, दोन-तीनदा पाणी बदल."

गंमत म्हणजे लिस्बनमध्ये जिच्या घरी मी राहिलो होतो त्या घरमालकीणबाईंनी मला अगदी हेच सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

त्या बाईंच्या स्वयंपाकघरात एक जुना फोटो होता. जाड स्वेटर घातलेला, दाढी वाढलेला एक माणूस. मी विचारलं, तर म्हणाल्या, "माझे वडील. बकल्यावला जायचे." मला वाटलं बकल्याव हे गावाचं नाव असावं. नंतर कळलं की तिकडे असंच म्हणायचे. माणूस कॉड पकडायला जायचा नाही, तो थेट 'कॉडला' जायचा. आपल्याकडे एखादा 'आखाताला गेला' म्हणतात ना, तसं.

आता यातला चक्रावून टाकणारा भाग ऐका. पोर्तुगालचा राष्ट्रीय पदार्थ म्हणावा असा हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही! कॉड थंड पाण्यातला मासा. पोर्तुगीज तो सोळाव्या शतकापासून अटलांटिक ओलांडून, आजच्या कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडच्या उथळ समुद्रातून आणत आले. आता तो मुख्यतः नॉर्वे आणि आइसलँडकडून येतो. मग एवढ्या लांबच्या माशाचं वेड का? कारण व्यवहारी आहे. कॅथलिक धर्मात उपासाच्या दिवशी मांस चालायचं नाही, मासा चालायचा. असे दिवस वर्षात भरपूर. उन्हाळी देशात ताजा मासा डोंगरातल्या गावापर्यंत टिकणार कसा? कॉडमध्ये चरबी अगदी कमी, म्हणून तो खारवून वाळवला की महिनोन् महिने टिकतो. लाकडाच्या फळीसारखा कडक होतो, खेचरावर लादून कुठेही नेता येतो. गरिबाच्या घरातही असायचा, म्हणून त्याचं लाडाचं नाव पडलं 'विश्वासू मित्र'.

विसाव्या शतकात या मित्राचं राजकारण झालं. पोर्तुगालमध्ये सालाझार 1932 मध्ये पंतप्रधान झाला आणि त्याची हुकूमशाही सुरू झाली. देशात खाल्ला जाणारा बराचसा कॉड तेव्हा परदेशातून विकत यायचा. सरकारने 1934 मध्ये मोहीमच काढली: आपला कॉड आपणच पकडायचा. जहाजं बांधली गेली, भाव सरकारने ठरवले. दुसऱ्या महायुद्धात ही जहाजं पांढरी रंगवली, म्हणजे ती तटस्थ देशाची आहेत हे लांबून कळावं. म्हणून त्या ताफ्याचं नाव पडलं 'पांढरा ताफा'.

ऐकायला किती सुंदर वाटतं ना? पांढरी शिडाची जहाजं, निळा समुद्र. आता काम कसं चालायचं ते ऐका. मोठ्या जहाजाच्या डेकवर छोट्या सपाट बुडाच्या होड्या एकात एक रचलेल्या असायच्या, वाट्या रचतो तशा. या होडीला डोरी म्हणतात. पहाटे एकेक डोरी पाण्यात सोडायची आणि प्रत्येक डोरीत एकच माणूस. एकटा! शेकडो गळ लावलेली लांब दोरी तो सोडायचा, ओढायचा, होडी माशांनी भरायची आणि वल्हवत जहाजाकडे यायचा. धुकं आलं तर जहाज दिसायचं नाही. काही जण परत आलेच नाहीत. जे आले त्यांचा दिवस तिथे संपायचा नाही. डेकवर उभं राहून मासे चिरायचे, साफ करायचे, मिठात थर लावायचे, मग थोडी झोप. वसंतात निघालं की परतायला शरद ऋतू उजाडायचा. सहा महिने. इतर देशांनी ही एकट्या माणसाची डोरी सोडून दिली, पोर्तुगालने ती 1970 च्या दशकापर्यंत चालवली.

तरुण पोरं जायची का? एक कारण असं की ठरावीक हंगाम कॉडच्या जहाजावर काढले की सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळायची. 1961 नंतर अंगोला, गिनी, मोझांबिकमध्ये वसाहतींची युद्धं पेटली तेव्हा ही सूट म्हणजे जिवाचा सवाल झाला. एका बाजूला जंगलातली लढाई, दुसऱ्या बाजूला धुक्यातली डोरी. यातलं एक निवडायचं.

घरमालकीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला बकल्यावचा वास म्हणजे रेस्टॉरंट आठवतं. मला वडिलांचा कोट आठवतो. ते आले की आठवडाभर घराला तोच वास असायचा. आणि मी त्यांना ओळखायचे नाही, आईच्या मागे लपायचे."

मी ताटातलं बकल्याव तसंच ठेवून ऐकत राहिलो.

आता ते नाता घ्या, गोड गोष्ट. लिस्बनमध्ये नदीकाठी बेलेम नावाचा भाग आहे. 1497 मध्ये वास्को द गामा इथूनच हिंदुस्थानकडे निघाला. तिथला जेरोनिमोंचा भव्य मठ आहे ना, त्यात त्याची कबरही आहे. पोर्तुगालच्या मठांमध्ये अंड्याच्या बलकाच्या मिठाया खूप. का? असं सांगतात की अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला आणि वाइन नितळ करायला लागायचा, मग पिवळा उरायचा. म्हणजे मुळात उरलेल्याचं काहीतरी करायचं म्हणून. 1834 मध्ये उदारमतवाद्यांच्या सरकारने मठ बंद केले. संन्यासी रस्त्यावर आले. शेजारी साखरेचा कारखाना होता, त्याला लागून छोटं दुकान होतं, तिथे ही मिठाई विकायला सुरुवात झाली. 1837 पासून ते दुकान चालू आहे. आज तिथे पर्यटकांची रांग असते, मीही रांगेत उभा राहिलो.

पण साखर कुठून आली हे रांगेत कोणी सांगत नाही. आधी मदेराच्या बेटावरून, मग ब्राझीलमधून, आणि ती पिकवली आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांनी. पोर्तुगालच्या दक्षिणेला लागोश नावाचं गाव आहे. तिथे 1444 मध्येच गुलामांनी भरलेली जहाजं लागली होती. वर भुरभुरलेली दालचिनी? तिच्यासाठी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर लढाया झाल्या. एका छोट्या नात्यात एवढं सगळं.

तुम्ही म्हणाल, अरे मग खायचं की नाही? खायचं की! मी सहा खाल्ले, एका बैठकीत. मी फक्त एवढंच सांगतोय की मला ज्याची आठवण येतेय ते नक्की काय आहे, हे मला कळलं पाहिजे.

कारण मला फक्त जेवणाची आठवण येत नाहीये. मला ते 'आयुष्य' हवंय. दुपारी कॅफेत बसलेले म्हातारे, कोणाला घाई नाही, एका कॉफीवर तासभर गप्पा. मी बाईंना म्हटलं, "तुमच्याकडे काय निवांत आयुष्य आहे!" त्या हसल्या. म्हणाल्या, "माझा भाऊ याच निवांतपणातून पळून फ्रान्सला गेला."

हे खरंय. 1960 च्या दशकात आणि 1970 च्या सुरुवातीला दहा लाखांहून जास्त लोकांनी पोर्तुगाल सोडला. कित्येक जण कागदपत्रांशिवाय, रात्री डोंगर ओलांडून. त्याला ते 'उडी मारून जाणं' म्हणायचे. पॅरिसच्या बाहेर शांपिन्यी इथे चिखलात पोर्तुगीजांची झोपडपट्टी उभी राहिली होती. पॅरिसमधल्या इमारती बांधायला हेच हात. मागे गावात उरल्या बायका, म्हातारे आणि शांतता. ज्याला मी निवांतपणा म्हणत होतो, त्यात ती शांतताही मिसळलेली असणार.

25 एप्रिल 1974 ला सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांमध्ये कार्नेशनची फुलं खोचली. वसाहती सुटल्या आणि अंगोला-मोझांबिकहून पाचेक लाख माणसं परतली. कित्येकांचा जन्मच तिकडचा, तरी नाव पडलं 'परतलेले'. त्यांच्याबरोबर तिकडच्या चवीही आल्या. लिस्बनच्या कॅफेत काचेमागे मला 'शामुसा' दिसला तेव्हा मी दोनदा पाहिलं. आपला समोसाच! गोव्याची आणि मोझांबिकमधली भारतीय माणसं घेऊन गेली तो. आपण त्यांच्याकडून पाव, बटाटा, कोबी घेतला. पगार, चावी, बादली, घमेलं हे शब्द घेतले. तुरुंगसुद्धा त्यांचाच शब्द. त्यांनी समोसा घेतला. या देवाणघेवाणीत तलवारी होत्या, वसईची लढाई होती, हे आपण आधीच्या एपिसोडमध्ये बोललोय.

पोर्तुगीजांकडे एक शब्द आहे, 'सौदाद'. हुरहूर, ओढ, जे नाही त्याची गोड बोचणी. पंधराव्या शतकात त्यांच्या दुआर्ते नावाच्या राजाने या शब्दावर लिहून ठेवलंय, इतका तो जुना. पर्यटनाच्या दुकानात आता तो कपांवर छापून मिळतो. मीही एक आणला. पण मला वाटतं हा शब्द मुळात किनाऱ्यावर उभं राहणाऱ्यांचा आहे. जो जातो त्याचा थोडा, आणि जी मागे राहते तिचा जास्त.

आता खरं सांगतो, हा एपिसोड मी का करतोय. माझ्या लॅपटॉपवर एक टॅब उघडा आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून पोर्तुगालने लांबून काम करणाऱ्यांसाठी व्हिसा सुरू केलाय. माझ्यासारख्याला तो मिळू शकतो. लिस्बनमध्ये घर घ्यायचं, नदीकाठी कोड लिहायचा, रोज नाता. स्वप्नच! पण त्या शहरात घरभाडी इतकी वाढलीत की 2023 मध्ये लोक घरासाठी रस्त्यावर उतरले. बाईंची मुलगी शहराबाहेर राहायला गेलीय, भाडं झेपत नाही म्हणून. तिची जुनी खोली मला मिळाली होती. ज्या आयुष्याची मला ओढ लागलीय, त्यात माझ्यासाठी जागा करताना तिथलं कोणीतरी बाहेर जातंय. आणि इकडे?

इकडे आई त्या रविवारी माझा खारट बांगडा धुता धुता सहज बोलली. म्हणाली, "तुझे आजोबा गिरणीत होते तेव्हा आजी पावसाळ्यात हेच करायची. सुकट, खारा बांगडा, अगोटची बेगमी. आजोबा गणपतीला आणि शिमग्याला यायचे. बाकी वर्षभर मनीऑर्डर. मी लहान होते, ते आले की त्यांना घाबरून चुलीमागे लपायचे."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हेच वाक्य मी आठ हजार किलोमीटर लांब, दुसऱ्या एका स्वयंपाकघरात ऐकलं होतं. इतकी वर्षं आईने ते मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. लिस्बनमधला फोटो मी लगेच विचारला. आमच्या घरात आजोबांचा फोटो जन्मापासून बघतोय.

टॅब मी अजून बंद केलेला नाही, खोटं कशाला बोलू. कदाचित जाईनही. पण जायच्या आधी आजीकडे गावाला जाऊन येणार आहे, रेकॉर्डर घेऊन. ती एकोणनव्वदची आहे. तिने वाट बघत काय रांधलं, काय खाल्लं, हे मला तिच्याकडून ऐकायचंय.

बांगडा रात्रभर भिजवला, तीनदा पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी आईने त्यात कांदा-बटाटा-अंडं घातलं, माझ्याच पद्धतीने, वर तिची कोथिंबीर. बकल्याव नव्हतंच ते. पण ताट चाटूनपुसून साफ केलं.

तुमच्या घरात कोण कोणाची वाट बघायचं, आणि तेव्हा चुलीवर काय असायचं? आज विचारा. उद्या नको, आजच. आणि मलाही कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, काळजी घ्या, नीट जेवा!