कापडातले कूळ

चंद्रपूर-गडचिरोलीकडे गोंड घरांत सोयरीक निघाली की आधी एक प्रश्न येतो : देव किती? चार, पाच, सहा की सात? दोन्हीकडचे देव सारखे निघाले, तर ती घरे भाऊबंद ठरतात आणि बोलणी तिथेच थांबतात. मडावी, आत्राम, कुमरे अशी आडनावे ऐकली की जाणती माणसे देवांची संख्या ओळखतात. कुळाची खूण अशी नावात आणि देवांत आहे. लुगड्याच्या काठावरून किंवा धोतराच्या विणीवरून ती ओळखली जात नाही.

ही देवांची मांडणी वाचताना मला नेहमी स्कॉटलंड आठवते. तिथे कूळ कापडावर दिसते, असा जगभर समज आहे. किल्टच्या चौकटीदार कापडाला टार्टन म्हणतात आणि प्रत्येक कुळाचे टार्टन वेगळे, असे मानले जाते. गोंडांच्या चालीरीती आणि लिंगोची कथा टिपून ठेवणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटिशच होते. ते 1845 मध्ये नागपूरला आले आणि 1863 मध्ये नदीत बुडून वारले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली. पण हिस्लॉप यांचे जन्मगाव डन्स हे दक्षिणेकडच्या सखल सीमाभागातले. किल्ट हा उत्तरेच्या डोंगराळ हायलँड्सचा वेश. म्हणजे जुन्या रीतीने पाहिले तर गोंडांची कुळे नोंदवणाऱ्या या स्कॉटिश माणसाच्या मुलुखालाही कुळाचे टार्टन नव्हते.

मग ‘कुळाचे टार्टन’ आले कुठून? कलोडनच्या पराभवानंतर 1746 च्या कायद्याने हायलँडी वेशावर बंदी आली. सैन्याला तेवढी सूट होती. 1782 मध्ये बंदी उठली, तोवर एक पिढी सरली होती. 1815 मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडे आपापल्या टार्टनचे नमुने मागितले, तेव्हा आपले टार्टन कोणते हे अनेकांनाच ठाऊक नव्हते. बॅनकबर्नचे विल्सन हे विणकर-व्यापारी आधी काही नमुने नुसत्या क्रमांकांनी विकत. पुढे त्यांना कुळांची नावे चिकटली. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या सोहळ्यात टार्टनची लाट उसळली. 1842 मध्ये स्टुअर्ट राजवंशाचे वारस म्हणवणाऱ्या दोन भावांनी टार्टनचा एक ‘प्राचीन’ ग्रंथ छापला. तो बनावट ठरला, पण त्यातले नमुने लोक आजही अंगावर घालतात.

म्हणून ज्याचे कोणतेच कूळ स्कॉटिश नाही, त्याने किल्ट नेसावा का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कायद्याची आडकाठी नाही. ब्लॅक वॉच पलटणीचे टार्टन कुणीही घेतो. जिल्ह्यांची आणि शहरांची टार्टनही आहेत. 2009 पासून सरकारी टार्टन नोंदवहीत नवा नमुना कुणालाही नोंदवता येतो. स्कॉटलंडमधल्या शिखांसाठी ‘सिंग’ टार्टनही तयार झाले आहे. तिथे कापड आधी आले, कूळ मागून जोडले गेले. त्यामुळे ते निवडणाऱ्याने कुणाचे काही हिरावले, असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे कापड आणि कूळ यांची गाठ पडली ती निराळ्या तऱ्हेने. आरमोरीच्या परिसरात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोसे होतात. विदर्भात त्या रेशमाला करवतकाठ लावणारे विणकर म्हणजे कोष्टी. त्यांच्यातल्या हलबा-कोष्टींचे म्हणणे असे की आपण मूळचे हलबा आदिवासी, विणकाम हा केवळ धंदा. गडचिरोलीच्या कुरखेडा-कोरची भागात शेती करणारे हलबा आहेतच. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 2000 मध्ये घटनापीठाने सांगितले, अनुसूचित जमातींच्या यादीतली नोंद आहे तशीच वाचावी. ‘हलबा’त ‘हलबा-कोष्टी’ धरण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, यादी बदलणे संसदेचे काम. आधी कायम झालेले प्रवेश आणि नेमणुका मात्र पीठाने अबाधित ठेवल्या.

आज पडताळणी समितीपुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला आजोबा-पणजोबांच्या 1950 पूर्वीच्या नोंदी शोधाव्या लागतात. शिवाय चालीरीती, लग्नाच्या प्रथा आणि देवही विचारले जातात. ज्या प्रश्नावर सोयरीक ठरायची, त्यावर आता कॉलेजची जागा अडते. हा आप्तभाव म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले. शहरात वाढलेल्या मुलाला देवांची संख्या सांगता आली नाही, म्हणून त्याचे कूळ खोटे ठरत नाही.

तरीही पडताळणी नको, असे मी म्हणणार नाही. आदिवासींच्या वाट्याच्या जागा मोजक्या आहेत; चुकीच्या हाती गेलेली प्रत्येक जागा भामरागडच्या किंवा एटापल्लीच्या एखाद्या मुलाची असते. टार्टन निवडणाऱ्याला वंश विचारला जात नाही, कारण त्या निवडीने कुणाचे ताट रिकामे होत नाही. आपल्याकडे कुळाच्या दाखल्यामागे कुणाचे तरी ताट आहे. म्हणून दाखला तपासावा. पण तपासणाऱ्याने कुळाच्या खुणाही कधीकधी मागून विणल्या जातात, हे विसरू नये.