दंडातला अर्धा वाटा

डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांची चौकशी करणाऱ्या परिषदांना एक पथ्य पाळावंच लागतं: ज्याचे हितसंबंध गुंतलेत, त्याने निवाड्याला बसायचं नाही. या पथ्याचं कूळ शोधत गेलं की आपण १६०६ सालच्या लंडनमध्ये पोहोचतो.

थॉमस बोनम केंब्रिजचा एम.डी. पण लंडनमध्ये वैद्यकी करायची, तर कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा परवाना हवा. आठव्या हेन्रीने १५१८ साली सनद देऊन उभं केलेलं हे मंडळ. त्यांनी बोनमला परवाना नाकारला आणि दंड केला. गडी हट्टी, केंब्रिजच्या पदवीधरावर तुमचा अधिकारच चालत नाही, असं मंडळाला तोंडावर सांगून त्याने रोगी तपासणं चालूच ठेवलं. मंडळाने त्याला तुरुंगात टाकलं. सुटल्यावर त्याने बेकायदा कैदेचा दावा ठोकला.

१६१० साली मुख्य न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी मंडळाचा कायदा कलमाकलमाने सोलून काढला. विनापरवाना महिनाभर वैद्यकी केली तर पाच पौंड दंड, हे एक कलम. चुकीचे उपचार केले तर दंड आणि कैद, हे दुसरं. परवाना नसणं म्हणजे उपचार चुकणं नव्हे. मग पहिल्या गुन्ह्याला दुसऱ्याची शिक्षा कशी? कोणत्या कलमाखाली कोणता अधिकार, हा प्रश्न आजही कित्येक परिषदांना कोर्टात घाम फोडतो.

पण खरी गोम पैशांत होती. त्या पाच पौंडांतले निम्मे राजाला, निम्मे मंडळाला. म्हणजे दंड ठोठावणारे तेच, वसूल करणारे तेच आणि वाटेकरीही तेच! हे चालायचं नाही, असं कोक यांनी बजावलं. बोनमला चाळीस पौंड भरपाई मिळाली. अशा वेळी संसदेचा कायदाही रद्दबातल ठरू शकतो, असंही कोक बोलून गेले; ते इंग्लंडमध्ये पुढे टिकलं नाही. पथ्य मात्र टिकलं.

आपल्याकडे सनदी लेखापालांच्या संस्थेचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ साली त्याचा निकाल लागला. शिस्तपालन समितीत चौकशी करणारेच सदस्य पुढे संस्थेच्या कौन्सिलमध्ये बसून आपल्याच अहवालावर मत देत. इथे दंडात कुणाचाच वाटा नव्हता. तरीही न्यायालयाने सांगितलं: निर्णयाच्या वेळी समितीच्या सदस्यांनी कौन्सिलमध्ये बसू नये, आणि आरोप झालेल्या लेखापालाला कौन्सिलपुढेही बाजू मांडू द्यावी.